‘येते हं’चं इंग्रजी

मावशी,

मी मूळची सांगलीची. अकरा वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेल्या वर्षी न्यू जर्सीत आले. एच-४ व्हिसा, नोकरीवर आलेल्याच्या बायकोला मिळतो तो, म्हणजे सध्या नोकरी बंद. म्हणून दर गुरुवारी इथल्या लायब्ररीत इंग्रजी संभाषणाचा तास घेते, बिनपगारी. एक चिनी आजोबा, दोन कोरियन बायका, पेरू देशाचा एक स्वयंपाकी, तुर्कस्तानचं जोडपं, एक गुजराती काकू असे आठ-दहा जण येतात. व्याकरणाची पानं भराभर सोडवतात, पण ‘आता बोला’ म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली. शेवटी तासभर मीच बोलते. मागच्या महिन्यात पुस्तकातला ‘फॅमिली’ हा धडा घेतला. व्हेनेझुएलाच्या एका मुलीला विचारलं, तुझ्या घरी कोण कोण असतं? ती उठून गेली ती परत आलीच नाही. घरी सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. गावी त्यांच्याशिवाय गल्लीत पान हलत नाही, आणि इथे दाराची बेल वाजली तरी आतल्या खोलीत जाऊन बसतात. सात वर्षांचा नातू त्यांच्या इंग्रजीला हसतो. खरं सांगू? माझंही मन इथे लागत नाही. इथल्या लोकांचं हसणं मला खोटं वाटतं. ‘एकदा भेटू या’ म्हणतात आणि कधी भेटत नाहीत. जिचं स्वतःचंच बस्तान बसलेलं नाही, तिने दुसऱ्यांना काय शिकवायचं?

तुमची, गुरुवारची बाई

*

अगं गुरुवारच्या बाई,

मावशी म्हणालीस, म्हणून सरळ अगं-तुगं करते. तुझं पत्र वाचून मला माझा मिसिसॉगातला पहिला हिवाळा आठवला. टोरोंटोच्या शेजारचं हे शहर. नवरा दिवसभर कामावर, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि बोलायला कुणी नाही. शेजारच्या बाईंनी एकदा कॉफीला बोलावलं. तासभर गप्पा झाल्या, मी उठले आणि सवयीने म्हणाले, ‘ओके, आय विल कम.’ निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, हे आपल्या हाडात मुरलेलं. त्या बाईंनी माझा कप तसाच ठेवला, उरलेल्या केकवर ताटली झाकली आणि वाट बघत बसल्या. पाऊण तासाने आमचं दार वाजलं. काळजीने विचारत होत्या, घरी काही झालं का?

मी तेव्हा इंग्रजीत एम. ए. झालेली होते. त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. पुढे मी ‘लिंक’च्या वर्गांवर शिकवू लागले. कॅनडा सरकारने नव्याने आलेल्या लोकांसाठी १९९२ साली सुरू केलेले हे मोफत भाषावर्ग. तिथे वीस वर्षं काढल्यावर सांगते, मला भेटलेल्या बहुतेकांचं घोडं माझ्याच जागी अडलेलं असायचं. जेनी थॉमस नावाच्या भाषातज्ज्ञ बाईंनी १९८३ साली एका लेखात याची नस बरोबर पकडली आहे. व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, बिचाऱ्याला भाषा येत नाही. बोलायची रीत चुकली तर म्हणतो, माणूस उद्धट आहे. आणि ज्याचं व्याकरण पक्कं, त्याच्यावर हा दुसरा शिक्का जास्त लवकर बसतो. कारण इतकं चांगलं बोलणारा माणूस चुकून उद्धट बोलला असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

आपलंच उदाहरण घे. ‘जरा पाणी देता का?’ यात ‘प्लीज’ दिसत नाही, पण ते आहे. ‘जरा’मध्ये आहे, ‘देता’च्या आदरार्थी रूपात आहे, शेवटचा सूर वर जातो त्यातही आहे. त्याचं ‘गिव्ह मी वॉटर’ झालं की हे सगळं गळून पडतं आणि नुसता हुकूम उरतो. तुझ्या गुजराती काकू दुकानात असंच बोलत असणार, आणि काउंटरवरची पोरगी आपल्याशी अशी तुटक का वागते, हे त्यांना कळत नसणार. त्यांना ‘कॅन आय गेट’ आणि ‘कुड यू’ एवढे दोन तुकडे दे. त्यामागचं व्याकरण समजावत बसू नकोस. भाजीत मीठ घालतो तसं वाक्याच्या आधी घालायचं, म्हणून सांग.

आता तुझा मुका वर्ग. प्रश्न विचारल्यावर तू किती वेळ थांबतेस? एकदा मोजून बघ. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असं निघालं. तोच वेळ ३ सेकंदांच्या वर नेला, तर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. ही शाळेतल्या मुलांची गोष्ट झाली. तुझ्या चिनी आजोबांना आधी प्रश्न ऐकायचा असतो, तो चिनीत न्यायचा असतो, तिथे उत्तर जुळवायचं, ते इंग्रजीत आणायचं आणि मग आठ लोकांसमोर तोंड उघडायचा धीर गोळा करायचा. तेवढ्यात तू बोलायला लागलेली असतेस. मी प्रश्न विचारून मनातल्या मनात ‘शुभं करोति कल्याणम्, आरोग्यं धनसंपदा’ एवढं संथपणे म्हणायचे. ती शांतता सुरुवातीला अंगावर येते. येऊ दे.

आणि ‘बोला’ म्हटल्यावर कुणीच बोलत नसतं गं. आपल्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ‘बोला की दोघं’ म्हणून सगळे उठून गेले की काय होतं, ते आठव. बोलायला काहीतरी अडायला लागतं. माझ्याकडे असलेली माहिती तुझ्याकडे नाही, आणि तुला ती हवी आहे, एवढं जमवून आणलं की माणसं आपोआप बोलतात. तुझ्या वर्गात पेरूचा स्वयंपाकी आहे ना? मग तर घरात विहीर असून तू टँकर मागवते आहेस. त्याला सेविचे कसं करतात, ते विचार. मासा शिजवत नाहीत, लिंबाच्या रसात मुरवतात, एवढंच त्याला सांगू दे. कच्चा मासा? किती वेळ? मग पोटाला काही होत नाही का? कोरियन बायका गप्प बसूच शकणार नाहीत, त्यांच्याकडे किमचीचं बोलायला आहे. गुजराती काकू नाक मुरडतील, पण नाक मुरडायलाही इंग्रजीच लागेल.

दुसरा एक खेळ सांगते. दोघांना पाठीला पाठ लावून बसव. एकाच्या हातात एखाद्या खोलीचं चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. खिडकी डावीकडे की उजवीकडे, टेबलाखाली मांजर आहे की टेबलावर, यावरून खरीखुरी भांडणं होतात. यातून फोनची तयारीही होते. परक्या भाषेत सर्वांत अवघड असतो तो फोन, कारण तिथे ना चेहरा दिसतो ना हात. समोरासमोर छान बोलणारी माणसं दवाखान्यात फोन करायची वेळ आली की दहा वर्षांच्या मुलाच्या हातात रिसीव्हर देतात. मी हे इतक्या घरांत पाहिलंय.

तुर्की जोडप्याला आधी वेगळं बसव. तू लिहिलेलं नाहीस, पण पैज लावते, दोघांपैकी एकच बोलत असणार आणि दुसरं मान डोलावत असणार. कारण विचारलं तर सांग, लायब्ररीचा नियम आहे.

चुका मध्येच सुधारू नकोस. वही जवळ ठेव, टिपून घे आणि शेवटच्या दहा मिनिटांत तीन चुका फळ्यावर लिही, कुणाचं नाव न घेता. तीनच. अकरा वर्षांची लाल शाई हातात असते, मला ठाऊक आहे. माझ्याही होती. एका सोमाली आजींना मी एकाच वाक्यात चार वेळा थांबवलं होतं. पाचव्या वेळी त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि उरलेला आठवडाभर नुसतं ‘येस टीचर’ म्हटलं. तो ‘येस’ अजून कानात आहे.

पहिला धडा मात्र पाठ करूनच घ्यायचा. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ ‘अ लिटल स्लोअर, प्लीज.’ ‘डू यू मीन असं-असं?’ ‘गिव्ह मी अ सेकंड.’ ही चार वाक्यं झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ म्हटलं की समोरचा खांदे उडवून मोकळा होतो. या चार वाक्यांनी तो आणखी दोन मिनिटं थांबतो. आणि ‘सॉरी’ म्हणायला कुणी कचरलं, तर त्यांना सांग की कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने २००९ साली कायदाच केलाय: कुणी सॉरी म्हटलं म्हणून त्याने चूक कबूल केली, असं कोर्टात धरायचं नाही. तिथे धक्का देणाराही सॉरी म्हणतो आणि खाणाराही. या चार वाक्यांचा खरा उपयोग पुढे आहे. ज्यांना ती येत नाहीत, ते न कळता मान हलवतात. आपली आडवी-तिरकी मान तर विचारूच नकोस. डॉक्टर विचारतो, गोळ्या रोज घेता ना? आपण मान डोलावतो. ती हो म्हणाली की नाही म्हणाली, की ‘बघू या’ म्हणाली, हे त्या डॉक्टरला कळायला काही मार्ग नाही.

याच ओघात एक गोष्ट सांगते, कारण पुस्तकांत ती सहसा सापडत नाही आणि तुझ्या वर्गात मात्र नक्की आहे. कुणी आपल्याला विचारलं, ‘तुमच्याकडे गाडी नाही?’ आपण म्हणतो, ‘हो, नाहीये.’ म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. कोरियन आणि चिनी भाषांतही असंच आहे. इंग्रजीत मात्र गाडी नसेल तर ‘नो’. समोरच्याने प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी ‘नो’च. आता औषधाच्या दुकानातला माणूस विचारतो, ‘यू आर नॉट अ‍ॅलर्जिक टू पेनिसिलिन, राइट?’ तुझे आजोबा, कोरियन बायका, काकू आणि तुझ्या सासूबाई, सगळे एका सुरात म्हणतील ‘येस’. पेरूचा स्वयंपाकी तेवढा बरोबर उत्तर देईल, कारण स्पॅनिश इथे इंग्रजीच्या बाजूने आहे. त्यालाच त्या दिवशी फार्मासिस्ट कर. आणि सगळ्यांना एकच सवय लाव: नुसतं येस-नो म्हणायचं नाही, पूर्ण वाक्य म्हणायचं. ‘नो, आय अ‍ॅम नॉट.’ ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ हेही त्याच जातीचं. बसा म्हणायचं असेल तर ‘नो’ म्हणायचं. यावर अर्धा तास हसण्यात जाईल, पण हसू देच.

बरं, आता ते खोटं हसणं.

‘हाउ आर यू’ला उत्तर म्हणून मी एकदा किराणा दुकानातल्या मुलीला माझ्या गुडघेदुखीची सगळी कहाणी ऐकवली होती. मागे रांग. ती मुलगी बिचारी ऐकत होती. तो प्रश्न नसतोच, हे कळायला मला बरेच दिवस लागले. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली अशा बोलण्याला वेगळं नावच देऊन ठेवलंय: माहितीसाठी नाही, तर नुसता धागा जोडायला केलेलं बोलणं. त्याच्या नावाशी आपल्याला काही करायचं नाही. तू सांगलीत हातात पिशवी घेऊन मंडईच्या दिशेने निघालीस की शेजारीण विचारते, ‘काय, बाजारात का?’ तिला दिसतंय ना बाजारात चाललीस ते. ‘जेवलात का?’ विचारणाऱ्याला तुझ्या पोटाची चौकशी करायची नसते. तुझ्या चिनी आजोबांना विचार, त्यांच्याकडेही जुने लोक भेटल्यावर हेच विचारतात, जेवलात का म्हणून. प्रत्येकाला आपापल्या गावची अशी वाक्यं फळ्यावर लिहायला लाव, आपल्या लिपीत, आपल्या अक्षरात. मग त्यांच्या खाली ‘हाउ आर यू’ लिही. त्या रांगेत ते बसलं की ते खोटं वाटायचं थांबतं.

आणि ‘वी शुड गेट टुगेदर समटाइम’? रस्त्यात भेटलेल्या किती जणांना तू आजवर ‘या एकदा घरी’ म्हणाली असशील? त्यांतले किती आले? आणि रविवारी दुपारी खरंच कुणी दारात उभं राहिलं असतं, तर तुझीच धांदल उडाली असती. ते बोलणं खोटं नव्हतं, आणि आमंत्रणही नव्हतं. इथल्या आमंत्रणाला वार असतो आणि वेळ असते. वार नसेल तर ते ‘या एकदा’ आहे. तुला कुणी आवडलं असेल, तर तूच वार घाल: शनिवारी अकरा वाजता कॉफी घ्यायची का? पुढे काय होतं ते मला कळव.

त्या मुलीबद्दल. तुझा हेतू वाईट नव्हता, पण प्रश्न चुकला, आणि हे स्पष्ट सांगितलेलंच बरं. ‘फॅमिली’, ‘माय होमटाउन’, ‘तुम्ही इथे का आलात’ हे धडे ज्यांनी लिहिलेत, त्यांच्या डोळ्यांसमोर सुट्टीसाठी फिरायला आलेले विद्यार्थी असावेत. घर सोडून आलेल्या माणसाला घरी कोण असतं, या प्रश्नाचं उत्तर कधी कधी देता येत नाही. काहींचं घर राहिलेलं नसतं, काहींच्या घरातलं माणूस बेपत्ता असतं, काहींचे कागद अजून कोर्टात असतात आणि कुणालाही काही सांगायची त्यांना भीती वाटते. तिचं यापैकी काय आहे, हे तुला माहीत नाही, आणि शोधूही नकोस. आजच्या गोष्टी विचाराव्यात: आज काय खाल्लं, इथे आल्यावर कुठल्या गोष्टीचं हसू आलं, बस चुकली तर काय करता. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना एक वाक्य द्यायचं: ‘आय वुड रादर नॉट टॉक अबाउट दॅट.’ ते तू स्वतः वापरून दाखव, म्हणजे ते वापरता येतं हे त्यांना कळेल. तिचा फोन नंबर शोधत बसू नकोस. लायब्ररीतल्या बाईंकडे तिचा ईमेल असेल, तर त्यांच्यामार्फत दोन ओळी पाठव. तुझी खुर्ची आहे, गुरुवारी सहा वाजता, काही सांगावं लागणार नाही. आली तर ये म्हण आणि बोर्डवर सेविचे लिही. नाही आली, तर तेही तिच्या हातात राहू दे.

सासूबाईंना तुझ्या वर्गात नेऊ नकोस. सुनेच्या समोर पाटी-पेन्सिल घेऊन बसणं कुठल्याही सासूला जड जातं, आणि सांगलीच्या गल्लीवर राज्य करणाऱ्या बाईला तर फारच. आधी त्यांचा आवाज परत येऊ दे, भाषा कुठलीही असो. एडिसन गावातल्या, आपल्या दुकानांच्या ओक ट्री रोडवर घेऊन जा. तिथे भाजी निवडताना हिंदी चालते, गुजराती चालते, आणि घासाघीस करायची हुक्की आली तरी कुणी दचकत नाही. त्या रस्त्यावर त्यांनी भेंडीचं टोक मोडून बघितलं की समज, निम्मं काम झालं. मग इंग्रजी, पण गरजेपुरतं. दाराशी कुणी आलं तर ‘घरी कुणी नाही’ असं कधी म्हणायचं नाही. ‘ही इज बिझी, कम लेटर’ म्हणायचं, तेही दार न उघडता. ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावून घराचा पत्ता म्हणता आला पाहिजे. पत्ता रोज एकदा पाठ करून घे, रामरक्षेसारखा. सहा महिन्यांच्या मुक्कामाला एवढं पुरे. बाकी पार्कातल्या बाकावर एखादी चिनी आजी भेटली, तर दोघी खुणांनी नातवंडांच्या तक्रारी करतील. त्यात तुझी गरज नाही.

नातू हसतो, म्हणालीस. ‘वेजिटेबल’चे चारही तुकडे आजी स्वच्छ उच्चारतात, आणि त्याला इथे एक गिळायला शिकवलंय, असंच काहीतरी असणार. त्याला आजीसमोर रागावू नकोस. वर्षापूर्वी तोही तसंच म्हणत होता ना? मला वाटतं, शाळेत कुणीतरी त्याला हसलंय आणि तेच तो घरी आणून आजीला देतोय. रात्री झोपताना, दिवा मालवल्यावर, विचारून बघ. अंधारात मुलं सांगतात.

राहिलीस तू. ‘कल्चर शॉक’ हा शब्द रुळवला तो कॅलर्व्हो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने. हा कॅनडात जन्मलेला. १९५४ साली रिओ दी जानेरोच्या विमेन्स क्लबसमोर त्याने यावर भाषण दिलं. त्यात त्याने लक्षणं सांगितली आहेत आणि ती वाचताना मला घाम फुटला होता. सारखे हात धुणं, पाणी आणि अन्न स्वच्छ असेल ना याची नको इतकी काळजी, आपल्याला कुणीतरी फसवतंय अशी भीती, छोट्या उशिरावरून भडकणं, तिथली भाषा शिकायला नकार. आणि आपल्या देशाची माणसं गोळा करून या देशाला नावं ठेवत बसणं. मी मिसिसॉगात पहिल्या वर्षी यातलं हात धुणं सोडून सगळं केलंय. दर शुक्रवारी आम्ही चार मराठी बायका जमायचो आणि इथलं दूध, इथल्या सुना, इथला पाऊस, सगळ्याची सालटी काढायचो. तिथून घरी येताना फार बरं वाटायचं आणि शनिवारी सकाळी उठवत नसे.

ओबर्गने चार टप्पे सांगितलेत: आधी सगळं छान, मग सगळं वाईट, मग हळूहळू उमज, मग रुळणं. तू दुसऱ्यात आहेस, एवढं मला पत्रावरून दिसतं. पण हे टप्पे पायऱ्यांसारखे एकदा चढून संपतात, यावर माझा विश्वास नाही. मला तर दर जानेवारीला दुसरा टप्पा परत यायचा, आणि नाशिकहून परतल्यावर दर वेळी. तुमच्याकडे डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. दिवसा, उजेडात, रोज बाहेर चालून ये, थंडी असली तरी. झोप लागत नसेल, कारण नसताना रडू येत असेल आणि हे दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर मात्र माझ्या पत्राची वाट बघू नकोस. सरळ डॉक्टरकडे जा आणि सांग.

तुझं आणखी एक दुखणं पत्राच्या ओळींमध्ये आहे, ते कल्चर शॉकपेक्षा वेगळं आहे. सांगलीत तू वर्गात शिरलीस की साठ मुलं उभी राहायची. रस्त्यात ‘नमस्कार बाई’ व्हायचं. इथे फॉर्मवर ‘ऑक्युपेशन’च्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न पडतो. हे दुःख लहान नाही आणि ते ‘अ‍ॅडजस्ट’ होऊन जात नाही. नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज, मंजूर झालं, तर एच-४वाल्यांना कामाचा परवाना मिळू शकतो, हा नियम २०१५चा आहे, तुला माहीत असेलच. पण तोवर एच-४वर शिकता येतं. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स आहे का, ते बघ. आणि मंडळाच्या गणपतीला जा, आरतीत मोठ्याने ओरड. लोक सांगतात, इथल्या लोकांत मिसळ, आपल्यांतच राहू नकोस. मी सांगते, जिभेलाही सुट्टी लागते. फक्त ती शुक्रवारची बैठक नको.

बस्तान न बसलेल्या बाईने काय शिकवायचं, हे विचारलंस ना? पुढच्या गुरुवारी आपलीच चूक घेऊन जा. ‘आय पास्ड आउट इन टू थाउजंड नाइन’ असं तू कधी अमेरिकन माणसाला म्हणालीस का? तो म्हणाला असेल, अरेरे, मग दवाखान्यात नेलं का? इथे ‘पास आउट’ म्हणजे चक्कर येऊन पडणं. किंवा लायब्ररीतल्या बाईंना ‘आय हॅव अ डाउट’ म्हणालीस आणि त्यांना वाटलं, तुझा त्यांच्यावर विश्वास नाही. यातलं जे घडलं असेल, ते सांग. मग गप्प राहा आणि शुभं करोति म्हण. चिनी आजोबांकडेही अशी एक गोष्ट असणार.

तुझी,
मावशी

ता. क. पहिल्या सेविचेच्या दिवशी तू घरून चिवडा नेशील, हे मला आत्ताच दिसतंय. ने, पण शेंगदाणे वगळून कर. इथे शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीला लोक फार घाबरतात आणि ती घाबरण्यासारखीच असते. डबा उघडायच्या आधी सगळ्यांना विचार, ‘एनी अ‍ॅलर्जीज?’ कुणी नुसतं ‘येस’ म्हणालं, तर झाकण लाव आणि पूर्ण वाक्यात विचार.